घरातील जिन्यासाठी कोणती फरशी निवडावी? पडणे टाळण्यासाठी डॉक्टरांचा सल्ला

घर बांधताना किंवा जुन्या घराचे काम काढल्यावर जिन्याची फरशी बहुधा हॉलच्या फरशीला शोभेल अशी निवडली जाते. रंग, चकाकी आणि दर पाहिला जातो. त्या पायऱ्यांवरून रोज कोण चढ-उतार करणार आणि त्यांचे गुडघे, डोळे, तळपायांची संवेदना कशी आहे, हा विचार मागे राहतो. घरात वयस्कर व्यक्ती, मधुमेहाचा रुग्ण, गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल, तर हा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोकांचा पडल्यामुळे मृत्यू होतो. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि यात ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक आहे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, न्यूमोनिया, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी अशा अडचणी एकामागून एक येऊ शकतात. हाड जुळल्यावरही अनेकांना पूर्वीसारखे एकट्याने चालता येत नाही.

जिना उतरतानाच धोका जास्त का?

चढताना तोल गेला तर माणूस समोरच्या पायरीवर हात टेकू शकतो. उतरताना शरीराचा भार पुढच्या पायावर येतो आणि तो पाय पायरीच्या अगदी कडेजवळ टेकतो. कड दिसली नाही, पाय सरकला किंवा पायरी अपेक्षेपेक्षा जास्त खोल निघाली, तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून जिन्यासाठी साहित्य निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: ओल्या पायाला मिळणारी पकड, स्पष्ट दिसणारी कड आणि सर्व पायऱ्यांची सारखी उंची. चकाकीचा विचार त्यानंतर.

पकड: फरशी ओली करून पाहा

चकचकीत ग्रॅनाइट कोरडे असताना सहसा त्रास देत नाही. पाणी सांडले की तळपाय आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो. दगडाला थोडा खरखरीतपणा असेल तर तो या थरातून तळपायाला पकड देतो. आरशासारख्या पॉलिशवर तो खरखरीतपणा उरलेला नसतो. आपल्याकडे घरात बहुतेक जण अनवाणी वावरतात. आंघोळीहून आलेले ओले पाय, पुसून नुकताच झालेला जिना, तळपायाला लावलेले तेल ही रोजचीच स्थिती आहे. पायमोजे घालून गुळगुळीत पायरीवर चालणे तर आणखी धोक्याचे.

टाइल्सच्या माहितीपत्रकात आर-९ ते आर-१३ असे आकडे असतात. आर-९ म्हणजे सर्वांत कमी पकड. मात्र ही चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या पृष्ठभागावर केली जाते. ओल्या अनवाणी पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी असते आणि त्यात सी सर्वांत चांगली. घरातील जिन्यासाठी किमान आर-१० मागावी आणि अनवाणी पायांची प्रतवारी उपलब्ध असेल तर तीही विचारावी.

कोणत्या साहित्याचे काय?

• ग्रॅनाइट: टिकाऊ आहे, डाग कमी पडतात. मिरर पॉलिशऐवजी लेदर किंवा मॅट फिनिश घ्यावे. फ्लेम फिनिश खूप खरखरीत असते, ते अंगणातल्या पायऱ्यांसाठी ठीक. मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेल्या रुग्णाला अशा फरशीवर खरचटले तरी कळत नाही.

• कोटा आणि शहाबादी: परवडणारे आणि मजबूत दगड. घासून सपाट करावेत, पण आरशासारखी चमक आणू नये. दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने ॲसिडने पुसू नयेत, पृष्ठभाग खराब होतो.

• संगमरवर: पॉलिश केलेला संगमरवर ओला झाल्यावर निसरडा होतो आणि पांढऱ्यावर पांढरी कड नजरेला सापडत नाही. घरात वृद्ध असतील तर जिन्यासाठी टाळलेला बरा.

• व्हिट्रिफाइड टाइल्स: चकचकीत प्रकार टाळावा. पायरीसाठी वेगळ्या मिळणाऱ्या, कडेला खाचा असलेल्या मॅट टाइल्स घ्याव्यात. कड उडाली तर धारदार टोक तयार होते, ती टाइल लगेच बदलावी.

• लाकूड: पायाला उबदार वाटते. चकाकीच्या पॉलिशपेक्षा मॅट पॉलिश चांगले. थंड देशात मुलांकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांनी लाकडी जिन्यावर नुसते पायमोजे घालून चालू नये. तळाला रबर असलेली, टाच झाकणारी घरातली पादत्राणे वापरावीत.

• गालिचा: पडल्यास मार थोडा कमी बसतो, पण सैल गालिच्यात पाय अडकतो. दमट हवेत त्यात धूळ आणि सूक्ष्म कीटक साठतात. दमा किंवा धुळीची ॲलर्जी असलेल्या घरात तो नसावा.

पायरीची कड दिसते का?

मोतीबिंदूमध्ये रंगांतला फरक ओळखणे अवघड होते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चश्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यामुळे त्यातून खाली पाहिले की पायरी धूसर दिसते. अशा नजरेला ठिपक्याठिपक्यांचे किंवा मोठ्या रेषांचे ग्रॅनाइट म्हणजे एकसलग उतार वाटतो.

• पायरीचा सपाट भाग एकाच रंगाचा, कमी नक्षीचा असावा.
• कडेला साधारण ५ सेंटिमीटर रुंदीची वेगळ्या रंगाची पट्टी असावी. गडद पायरीवर फिकट, फिकट पायरीवर गडद.
• हाफ राउंड मोल्डिंग थोडकेच ठेवावे. गोलाई जास्त झाली तर पाऊल टेकायची जागा कमी होते.
• कड २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त पुढे काढू नये. चढताना बोटे अडकतात, विशेषतः पार्किन्सनच्या आजारात पाय घासत चालणाऱ्यांची.
• जिन्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे दिव्याचे बटण असावे. चकाकणाऱ्या फरशीवर दिव्याचे प्रतिबिंब पडून कड लपते, हेही लक्षात घ्यावे.

फरशीची जाडी आणि पायऱ्यांची उंची

दोन-तीन पायऱ्या उतरल्या की पाय पुढच्या पायरीची उंची गृहीत धरतात. आपण प्रत्येक पायरी पाहून पाऊल टाकत नाही. एखादी पायरी एक सेंटिमीटरने वेगळी असली तरी ठेच लागते किंवा पाऊल फसते.

हा फरक बहुतेक वेळा नूतनीकरणात तयार होतो. समजा, सर्व पायऱ्यांवर २ सेंटिमीटर जाडीचे ग्रॅनाइट बसवले, पण खालच्या आणि वरच्या मजल्याची जमीन तशीच राहिली. मग पहिली पायरी २ सेंटिमीटरने उंच होते आणि शेवटची तेवढीच बुटकी. मधल्या सर्व सारख्या असल्याने ही चूक डोळ्यांना दिसत नाही, पायाला मात्र लागते. म्हणून काम ठरवतानाच मिस्त्रीला सांगावे की फरशी बसल्यानंतरची प्रत्येक पायरीची उंची सारखी हवी, पहिली आणि शेवटची धरून. काम झाल्यावर टेप लावून स्वतः मोजावे.

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) निवासी इमारतीत पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पाऊल टेकण्याची रुंदी किमान २५ सेंटिमीटर असावी. गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी १५ ते १७ सेंटिमीटर उंची अधिक सोयीची पडते.

काम सुरू असताना घ्यायची काळजी

दगड किंवा टाइल कोरडी कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिली तर कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. दम्याच्या रुग्णाला थोड्या धुळीनेही त्रास होऊ शकतो. कटिंग शक्यतो घराबाहेर आणि पाणी सोडून करावे, कारागिरांनी योग्य मास्क वापरावा. लाकडी जिन्याला पॉलिश करताना दमेकरी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना वास पूर्ण जाईपर्यंत दुसरीकडे ठेवावे.

जिना आधीच गुळगुळीत असेल तर?

सगळी फरशी उखडण्याची गरज नाही.

• प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची न घसरणारी पट्टी चिकटवावी. कोपरा सुटला की लगेच बदलावी, नाहीतर तिच्यातच पाय अडकतो.
• पक्का कठडा बसवावा, शक्यतो दोन्ही बाजूंना. मुठीत पूर्ण मावेल असा, साधारण ४ ते ५ सेंटिमीटर जाडीचा गोल दांडा हवा. तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत अखंड असावा.
• जिन्याच्या तोंडाशी पायपुसणे, चपला, कुंड्या ठेवू नयेत.
• मेणाचे पॉलिश लावू नये. साबणाचे पाणी वापरल्यास स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसून कोरडे करावे.
• रांगणारे मूल असेल तर जिन्याच्या वर आणि खाली फाटक लावावे. कठड्याच्या गजांमध्ये १० सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असावे.

जिन्यावरून पडल्यास काय करावे?

लगेच ओढून उभे करू नये. आधी बोलते करावे, कुठे दुखते ते विचारावे. पुढीलपैकी काहीही असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तातडीने रुग्णालयात न्यावे:

• शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे
• मान किंवा पाठ खूप दुखणे, हातापायांत बधिरपणा
• उभे राहता न येणे, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसणे. हे खुब्याच्या फ्रॅक्चरचे लक्षण असू शकते.
• रक्त पातळ करण्याचे औषध सुरू असताना डोक्याला लागणे, वरून जखम दिसत नसली तरीही

दुखऱ्या भागाला तेल लावून चोळू नये. मुका मार आहे असे समजून दोन-चार दिवस वाट पाहण्यात फ्रॅक्चर वाढण्याचा धोका असतो.

काही लागले नसेल तरी पडल्याची गोष्ट तुमच्या डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळे चक्कर येणे, साखर कमी होणे, दृष्टी मंदावणे अशी कारणे तपासणीत सापडतात आणि त्यावर उपाय करता येतो. फरशी घेण्यापूर्वी तिचा एक तुकडा घरी आणा, पाण्याने ओला करा, कठडा किंवा भिंत धरून त्यावर अनवाणी पाय टेकून पाहा. मग संध्याकाळच्या उजेडात तो जिन्यावर ठेवून घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा, कड दिसते का?