नावातला झेड आणि सोमवार-मंगळवार

संख्याशास्त्राची आकडेमोड ज्या ‘आर’ या भाषेत आज जगभर चालते, तिच्यात बग कसा कळवावा हे सांगणारं मदतीचं एक पान आहे. त्यावरचं एक उदाहरण असं. समजा, तुमच्याकडे भलीमोठी माहिती आहे आणि तिचा तक्ता करायची आज्ञा दिल्यावर आर नुसतंच बसून राहतं, उत्तर येतच नाही. तक्त्यातल्या रकान्यांची नावं आहेत एक्स, वाय, झेड, मंडे आणि ट्यूजडे. आता तुम्ही काय कळवाल? बहुतेक जण लिहितील, ‘माहिती मोठी असली की तक्ता होत नाही.’ पान म्हणतं, असं लिहू नका. दोष कदाचित आकारात नसेलच. रकान्याला वाराचं नाव दिलं की घोळ होत असेल. तुमचं वाचून कुणीतरी मोठा तक्ता करून पाहील, पण त्यात सोमवार-मंगळवार कशाला असतील? त्याचा तक्ता बिनतक्रार होईल आणि तुमचा बग जिथल्या तिथे राहील.

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. दरवर्षी नव्या तुकडीला हे उदाहरण वाचून दाखवतो आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, सर, हे वार मध्येच कुठून आले? उत्तर त्याच पानाच्या तळाशी आहे. तिथे लिहिलंय की हा मजकूर एमॅक्सच्या माहितीपुस्तिकेवरून आणि आरच्या प्रश्नोत्तरांवरून बेतलेला आहे.

एमॅक्स म्हणजे मजकूर लिहिण्याचं साधन; संख्याशास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू एमॅक्स १९८५ साली लोकांना खुलं केलं. त्याच्या पुस्तिकेत बगवर एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि आपल्या उदाहरणाचा मूळपुरुष तिथे भेटतो. कुणीतरी एक फाईल उघडतो, ती मोठी आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि एमॅक्स पडद्यावर भलतंच, कशाशी संबंध नसलेलं वाक्य दाखवतं. त्याला वाटतं, फाईल मोठी म्हणून असं झालं. पुस्तिका म्हणते, तुम्हाला काय माहीत? फाईलच्या नावात झेड हे अक्षर आहे म्हणूनही झालं असेल. एमॅक्समधला हा झेड आरमध्ये येताना सोमवार-मंगळवार झाला. आरही ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचाच भाग, त्यामुळे घरातली रीत घरातच उतरली. पात्रं बदलली, सांगणं तेच राहिलं. काय केलंत आणि काय झालं ते सांगा. का झालं ते सांगू नका.

बग या शब्दाची कथा सगळ्यांना पाठ आहे. १९४७ साली हार्वर्डच्या यंत्रात सापडलेला पतंग वहीत चिकटवून ठेवला गेला, आणि त्याच्याही आधी १८७८ मध्ये एडिसनने पत्रात हा शब्द वापरला होता. मला ओढ आहे ती बग कळवण्याच्या रीतीची, कारण संख्याशास्त्रात तिच्यावाचून निभावच लागत नाही. लिहिण्याच्या साधनात काही बिघडलं तर डोळ्यांना दिसतं. अक्षरं उडतात, पडदा गोठतो. आकडेमोडीत बिघडलं तर दिसत काहीच नाही. चुकीची सरासरी बरोबर सरासरीसारखीच दिसते. तिच्या अंगावर काही खूण नसते. म्हणून ‘आकडा चुकलाय’ एवढं म्हणून भागत नाही. जे उदाहरण दुसऱ्याने आपल्या यंत्रावर चालवलं की त्यालाही तोच चुकीचा आकडा दिसेल, असं उदाहरण हातात द्यावं लागतं.

आरच्या बाबतीत असं हातात देणारे लोक फार लवकर आले. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहायला घेतलं. दोघांच्या नावांचं पहिलं अक्षर तेच, शिवाय बेल प्रयोगशाळेतल्या ‘एस’ या भाषेच्या शेजारचं अक्षर. ऑगस्ट १९९३ मध्ये त्यांनी त्याची प्रत इतरांना वापरायला ठेवली. झुरिकचे मार्टिन मेखलर यांनी आग्रह धरला की मूळ मजकूरच खुला करा, आणि जून १९९५ मध्ये ग्नूच्या परवान्याखाली तो खुला झाला. मग दुरुस्त्यांची रीघ लागली. लोक चूक कळवत, काही जण सोबत दुरुस्तीही पाठवत, आणि दोन माणसांना ते आवरेना. १९९७ च्या मध्याला मोठा गट नेमावा लागला, तोच पुढे आर कोअर टीम म्हणून ओळखला जाऊ लागला. या ठिकाणी मी दरवेळी थबकतो. आरचा कारभार दोघांच्या हातून अनेकांच्या हाती गेला, त्यामागचं एक मोठं कारण चुका कळवणाऱ्यांची गर्दी हे होतं.

त्या चुकांची नोंदवही कोपनहेगन विद्यापीठाच्या जैवसंख्याशास्त्र विभागात ठेवली होती. पीटर डालगार्ड ती सांभाळत. वहीसाठी वापरलेल्या प्रणालीचं नाव जिटरबग. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ती बनवली होती. प्रत्येक तक्रारीला पीआर, म्हणजे प्रॉब्लेम रिपोर्ट, असा क्रमांक मिळे. २०१० मध्ये सगळं बगझिला या दुसऱ्या प्रणालीवर गेलं तरी पीआर हे नाव टिकलं, आणि आरच्या नव्या आवृत्तीत काय बदललं ते सांगणाऱ्या यादीत आजही ते क्रमांक छापले जातात.

नोंदवहीत येणारं सगळंच बग नसतं. दोनाचं वर्गमूळ काढा, त्याचा वर्ग करा आणि आरला विचारा, हे दोन आहे का? आर म्हणतं, नाही. दोनाचं वर्गमूळ यंत्रात पुरतं मावत नाही, शेवटी कुठेतरी ते तोडावं लागतं, आणि वजाबाकी केली तर सोळाव्या दशांश स्थळी चार उरतात. हे इतक्या लोकांनी बग म्हणून विचारलं की प्रश्नोत्तरांत त्याला ७.३१ हा क्रमांक मिळाला. आता आर वापरणारे एकमेकांना नुसतं ‘सात एकतीस’ म्हणतात आणि समोरच्याला कळतं.

माझ्या वाट्याला ७.१० आला. बारा-एक वर्षांपूर्वी चाळीस शेतांतल्या कांद्याचं एकरी उत्पादन माझ्याकडे होतं, सगळे आकडे ऐंशी ते एकशेवीस क्विंटलच्या आसपास. रकान्याचे आकडे मागून सरासरी काढली ती आली एकोणीस. आर सरासरी चुकीची काढतं, अशी तक्रार मी लिहायलाही घेतली होती. पण कळवायचं तर लहान उदाहरण द्यायला हवं, म्हणून चाळीसच्या वीस ओळी केल्या, वीसच्या पाच, पाचाच्या तीन. उरलं ते असं: ९०, ११०, आणि एका चौकटीत कुणीतरी टाइप केलेलं ‘नोंद नाही’. या तीन ओळींचे आकडे मागितल्यावर आरने दिलं २, १, ३. मग उजेड पडला. त्या दोन शब्दांमुळे आरने अख्खा रकाना मजकूर धरला होता आणि मजकुराचे फॅक्टर, म्हणजे गट, केले होते. गट अकारविल्हे लागतात. मजकूर म्हणून पाहिलं तर ११० हे ९० च्या आधी येतं, कारण एक नवाच्या आधी. मी क्विंटलची सरासरी काढत नव्हतो, गटांच्या अनुक्रमांकांची काढत होतो. आरने कुठे सूचना दिली नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. मजकुराचे आपोआप गट करण्याची ही सवय एप्रिल २०२० च्या ४.०.० आवृत्तीत बंद झाली. माझी तक्रार पाठवायची गरजच उरली नव्हती, पण तीन ओळींपर्यंत कापत गेल्यावर दोष आपोआप उघडा पडतो हे मी त्या दिवशी शिकलो.

या कापाकापीतून जे उरतं त्याला पूर्वी लांबलचक नाव होतं, किमान पुनरावर्ती उदाहरण. २०१४ साली फ्रान्सचे रोमां फ्रान्स्वा यांनी इंग्रजीतल्या ‘रिप्रोड्यूसिबल एक्झाम्पल’ची दोन टोकं जोडून ‘रेप्रेक्स’ असा शब्द केला. जेनी ब्रायन यांनी त्याच नावाचं पॅकेज लिहिलं. तुमचा तुकडा ते अगदी कोऱ्या आरमध्ये चालवतं आणि आज्ञा व उत्तर एकाखाली एक मांडून देतं. कोरं हा शब्द महत्त्वाचा. आपल्या यंत्रावर कालपासून पडून राहिलेला एखादा चल वापरून आपलं उदाहरण चालत असेल, तर ते इथे लगेच उघडं पडतं. शब्द तोंडात बसला तसा तो क्रियापदासारखाही वापरला जाऊ लागला. माझी मुलं म्हणतात, आधी रेप्रेक्स कर, मग विचार.

या सगळ्या रीतीचं मला माहीत असलेलं सर्वांत देखणं फळ म्हणजे पीआर १७४९४.

आरमध्ये सॅम्पल नावाची आज्ञा आहे. एक ते अमुक संख्यांमधून नमुना निवडायचा, प्रत्येकीला सारखी संधी देऊन, हे तिचं काम. सर्वेक्षण असो की औषधाची चाचणी, निवड याच आज्ञेवर सोपवतात. ती मर्सेन ट्विस्टर या यादृच्छिक संख्यांच्या यंत्रावर चाले. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांनी १९९८ मध्ये मांडलेलं हे यंत्र भरवशाचं आहे. चूक त्याच्या पुढच्या पायरीत होती. सीड नावाच्या सुरुवातीच्या आकड्यावरून यंत्र शून्य ते एकमधला अपूर्णांक देई, सॅम्पल त्याला हव्या त्या संख्येने गुणे आणि दशांश टाकून देई. शाळेपासून आपण हेच शिकवतो. २०१८ मध्ये बर्कलीच्या केली ओट्टोबोनी आणि फिलिप स्टार्क यांनी दाखवलं की संख्या मोठी असली की या पद्धतीत संधी सारखी राहत नाही. स्टार्क निवडणुकीतल्या मतपत्रिकांच्या नमुना-तपासणीवर काम करणारे. निवड निष्पक्ष आहे का, हा त्यांचा रोजचा प्रश्न.

ते पटवणारं उदाहरण चार ओळींचं आहे. यंत्राकडे चिठ्ठ्या असतात दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. त्यांच्या दोन पंचमांश इतकी संख्या घ्या, १,७१,७९,८६,९१८. एक ते या संख्येपर्यंत दहा लाख वेळा निवड करा आणि आलेल्या संख्या सम किती, विषम किती ते मोजा. निम्म्या-निम्म्या यायला हव्यात. जुन्या आरमध्ये सुमारे साठ टक्के विषम येत आणि चाळीस टक्के सम. कारण कागदावर करून पाहता येतं. इतक्या चिठ्ठ्या इतक्यांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच येतात. चिठ्ठी फाडता येत नाही. म्हणून एकाला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला दोन. विषम क्रमांकांना तीन मिळाल्या आणि सम क्रमांकांना दोन. संख्या दहा असेल तर हा फरक बेचाळीस कोटी चिठ्ठ्यांत एखादीचा, कुणाला कळणारही नाही. म्हणूनच तो इतकी वर्षं कुणाच्या नजरेत भरला नव्हता.

दुरुस्ती डंकन मर्डॉक यांनी लिहून दिली, गेब बेकर यांनी हातभार लावला, आणि २६ एप्रिल २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत ती आली. नवी पद्धत साधी आहे. सहातून एक निवडायचा तर तीन नाणी उडवा. आठ शक्यता होतात. पहिल्या सहांपैकी काही आलं तर घ्या, उरलेल्या दोनांपैकी आलं तर टाकून द्या आणि पुन्हा उडवा. हिचं नाव रिजेक्शन, जुनीचं राउंडिंग. जुनी काढून टाकली नाही, कारण पूर्वी छापलेली उत्तरं कुणाला पुन्हा काढून पाहायची असतील तर ती तशीच निघायला हवीत. मात्र ती मागितली की आर इशारा देतं, हा नमुना समसंधीचा नाही.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला एक विद्यार्थिनी आली. तिच्या हातात एका माजी विद्यार्थ्याची २०१७ ची वही होती. म्हणाली, ‘सर, सीड एक दिलं, एक ते दहा सॅम्पल केलं. वहीत आहे ३, ४, ५, ७, २, ८, ९, ६, १०, १. मला आलं ९, ४, ७, १, २, ५, ३, १०, ६, ८. माझी आवृत्ती चारच्या पुढची आहे, वहीवर ३.४ लिहिलंय. आर कोरं उघडून दोनदा केलं, दोन्ही वेळा हेच.’ का झालं असेल, यावर ती एक शब्द बोलली नाही. मी फळ्यावर १७४९४ लिहिलं आणि सॅम्पलचा प्रकार राउंडिंग करायला सांगितलं. तिने एंटर दाबलं. आधी इशारा आला, आणि त्याच्या खाली ३, ४, ५, ७.