हडळीची साक्ष

भयपटासारखा विषय या पानांवर पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची कल्पना आहे. भुताखेतांशी धर्मगुरूचा संबंध आलाच तर तो त्यांना घालवण्यापुरता यावा, त्यांचा इतिहास लिहिण्याइतका नव्हे, असेही कुणी म्हणेल. परंतु समाज कशाला भितो हे त्याच्या प्रार्थनांतून जेवढे कळते, तेवढेच त्याच्या भुतांतूनही कळते. आणि आपल्याकडच्या भुतांची खानेसुमारी करू गेल्यास एक गोष्ट ताबडतोब नजरेत भरते.

आपल्या लोकसमजुतीत पुरुष-भुतांना हुद्दे आहेत. वेताळ हा भुतांचा राजा. देवचार गावच्या सीमेचा राखणदार. ब्रह्मसमंध विद्वान. कोवळ्या वयात गेलेला मुंजादेखील आपल्या मुंजीच्या संस्काराने ओळखला जातो. स्त्री-भुतांच्या वाट्याला मात्र हुद्दा नाही. त्यांची ओळख त्यांच्या मरणावरून. बाळंतपणात गेली ती अळवंतीण, मनातली इच्छा मनातच ठेवून गेली ती हडळ. राजा कोण, पहारेकरी कोण, पंडित कोण हे पुरुषांचे जसे जिवंतपणी ठरलेले, तसेच मेल्यावरही ठरलेले. बाई मात्र जशी सोसत गेली तशीच झाडावर बसलेली!

चित्रपटाने हाच वारसा उचलला. १९४९ सालच्या कमाल अमरोहींच्या ‘महल’पासून १९६४ सालच्या राज खोसलांच्या ‘वह कौन थी’पर्यंत पांढऱ्या वस्त्रातली स्त्री धुक्यातून चालत राहिली आणि लताबाईंचा आवाज तिच्या पुढे-मागे तरंगत राहिला. गंमत अशी की ‘महल’मधली ती आत्मा नव्हेच, ती निघते माळ्याची मुलगी. ‘वह कौन थी’तले भूतही माणसांच्या कटकारस्थानातून जन्माला आलेले. म्हणजे पडद्यावर स्त्री दिसते, ऐकू येते, घाबरवते, पण तिला स्वतःला काही सांगायचे आहे काय, हा प्रश्न कुणी विचारीत नाही. कारण कॅमेऱ्यामागे जो उभा असतो त्याला भय दाखवायचे असते, गाऱ्हाणे ऐकायचे नसते. तेथे स्त्री येऊन उभी राहिली तेव्हा काय झाले, एवढेच मला येथे पाहायचे आहे.

ती फार लवकर येऊन उभी राहिली होती, हे आपण विसरलो आहोत. अमेरिकेत अ‍ॅलिस गी या फ्रेंच बाईने एडगर अ‍ॅलन पोच्या छळकोठडीच्या कथेवर १९१३ सालीच चित्रपट केला. आपल्या मुंबईत फातमा बेगम यांनी स्वतःची कंपनी काढून १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शिकेचा हा पहिला चित्रपट. तो भयपट नव्हता, पऱ्यांच्या देशाची अद्भुतकथा होती. पण कॅमेऱ्याच्या करामतींनी अदृश्याला दृश्य करण्याचा उद्योग दोन्हीकडे एकच. योगायोग पाहा, त्याच वर्षी जर्मनीत लोटे रायनिगर काळ्या कागदातून कात्रीने चेटकिणी आणि राक्षस कापून राजपुत्र अहमदची कथा पडद्यावर आणीत होत्या. रायनिगरबाईंचा चित्रपट आज जगभर दाखवला जातो. फातमा बेगमच्या चित्रपटाची एकही प्रत उरलेली नाही.

पुढे कित्येक वर्षे स्त्री कॅमेऱ्यामागे नव्हे, तर चुलीमागे होती. ही नुसती शब्दांची कसरत नव्हे. दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी सरस्वतीबाई कोऱ्या फिल्मला भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत सर्व काही सांभाळीत होत्या, हे सर्वश्रुत आहे. साठ वर्षांनी रामसे बंधूंनी तोच संसार भयपटांसाठी मांडला. १९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला अगदी थोड्या पैशांत उरकला. सोबत सारे कुटुंब नेलेले, आणि घरातल्या बायका स्वयंपाक, कपडे, रंगभूषा यांत हात देत होत्या. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या नबाबाच्या राजवाड्यातही त्यांची भुते वावरून गेली. सात भावांची नावे आज चित्रपटाच्या इतिहासात आहेत. त्या बायकांची नावे फारशी कुणी घेत नाही. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाशिवाय निघालेला आपला भयपट असा एका अर्थाने घरगुती धंदा होता, आणि घरगुती धंद्यात बाईच्या कामाचा हिशेब कुठेच मांडला जात नाही.

या पार्श्वभूमीवर १९८० सालचा ‘गहराई’ पाहावा. माझ्या मते आपल्याकडच्या भयपटांत त्याच्याइतका विचार करायला लावणारा दुसरा नाही.

दिग्दर्शक दोघे, अरुणा राजे आणि विकास देसाई. ‘अरुणा-विकास’ अशा जोडनावाने ते तेव्हा काम करीत. अरुणाबाई पुण्याच्या. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट टाकून त्या तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या आणि १९६९ साली तेथून संकलनाचे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. या देशात चित्रपटाच्या तांत्रिक अंगाचे रीतसर शिक्षण घेतलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ‘गहराई’च्या पटकथेत विजय तेंडुलकरांचा हात होता. पडद्यावर डॉ. श्रीराम लागू, अनंत नाग, इंद्राणी मुखर्जी, अमरीश पुरी आणि कोवळ्या वयाची पद्मिनी कोल्हापुरे. बहुतेक मंडळी रंगभूमीवर मुरलेली. चित्रपटातले अमुक अरुणाबाईंचे आणि तमुक देसाईंचे, अशी वाटणी बाहेरून करणे मला रास्त वाटत नाही. पण जे घडले आहे त्यात एक स्त्री बरोबरीने उभी आहे, हे पाहताना जाणवत राहते.

कथा कर्नाटकातली. बंगलोरला स्थायिक झालेला चन्नबसप्पा हा बुद्धिवादी, शिस्तप्रिय गृहस्थ गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो. त्या जमिनीची राखण करण्यात हयात घालवलेला बसवा विनवण्या करतो, आईला विकू नका म्हणतो. मालक ऐकत नाही. व्यवहार पुरा होतो. आणि थोड्याच दिवसांत शहरातल्या घरात त्याच्या शाळकरी मुलीच्या, उमाच्या, तोंडून दुसरेच कुणी बोलू लागते. ते केवळ किंचाळत नाही, बोलते. बापाने इतकी वर्षे झाकून ठेवलेली गोष्ट घरच्यांसमोर मांडते : बसव्याच्या बायकोशी, चेन्नीशी, मालकाचा संबंध होता, तिला दिवस गेले आणि तिने जीव दिला.

सात वर्षे आधी, १९७३ साली, ‘एक्सॉर्सिस्ट’ने जगभर खळबळ उडवली होती, आणि ‘गहराई’ पाहताना त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिथेही बारा वर्षांची मुलगी, तिथेही तिच्या तोंडून परका आवाज. पण दोहोंमधला फरक मूलभूत आहे. अमेरिकन चित्रपटात सैतान इराकच्या वाळवंटातल्या उत्खननातून, म्हणजे बाहेरून येतो. मुलीचे घर निर्दोष आहे. आणि दोन धर्मगुरू प्राणांचे मोल देऊन तिला सोडवतात. (आमच्या जमातीला चित्रपटाने इतका मान क्वचितच दिला असेल!) ‘गहराई’त मात्र अरिष्ट घरातूनच उगवते. भूत जे सांगते ते खरे असते. भयाचे केंद्र मुलीच्या चेहऱ्यावरून उठते आणि बापाच्या खुर्चीत जाऊन बसते. डॉक्टर आणि मांत्रिक दोघांचीही धावपळ ते बोलणे बंद पाडण्यासाठी चाललेली. ते काय सांगते आहे याची चौकशी करायला कुणी बसत नाही. गदरेकरांच्या प्रदेशातल्या त्या पिसाटलेल्या माणसाची कथा आपण चर्चमध्ये ऐकतो, तीत प्रभू येशू भुताला त्याचे नाव विचारतो. नाव विचारणे म्हणजे ऐकण्याची तयारी दाखवणे. चन्नबसप्पाच्या घरात ती तयारी नाही.

धर्मसभेच्या नियमांनुसार बिशपांच्या परवानगीवाचून कुणा धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि आधी वैद्यकीय तपासणी व्हावी अशी अपेक्षा असते, हे जाता जाता नमूद करतो. महाराष्ट्राने तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, जादूटोण्याविरुद्ध कायदाच केला. त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद आहे ती भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधून मारहाण करण्याची, मिरचीची धुरी देण्याची. अशा वेळी जिला बांधतात ती बहुधा बाईच असते.

‘गहराई’ने मला विशेष अस्वस्थ केले त्याला कारण आहे माझ्या धर्मग्रामाचा पत्ता. चित्रपट आमच्या गावाविषयी नाही. पण विकलेल्या जमिनीचे भूत ही कल्पना नवी मुंबईत राहून परकी राहू शकत नाही. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावे नव्या शहरासाठी अधिसूचित झाली. भातशेती, मिठागरे, खाडीकाठ, सारे त्यात आले. चित्रपट आला त्यानंतर चारच वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांनी चालवलेल्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज आमच्या सेक्टरांतल्या इमारतींमधून वसईकर, गोवेकर, मंगळूरकर, केरळी अशी सगळी माणसे नांदतात, आणि मधेमधे जुनी गावठाणे आपली आगरी-कोळी घरे, आपले ग्रामदैवत घेऊन दाटीवाटीने बसलेली आहेत. येथली बहुतेक प्रार्थनास्थळे सिडकोने दिलेल्या भूखंडांवर उभी आहेत. आमचे चर्चही. त्या जमिनीचा कुणी बसवा होता का, आणि त्याची कुणी चेन्नी, हे आमच्या कोणत्याही नोंदवहीत लिहिलेले नाही. सातबाऱ्यावर बायकांची नावे अशीही कमीच असत.

अरुणाबाई पुढे भयपटाकडे वळल्या नाहीत. परंतु चेन्नीचा प्रश्न त्यांनी सोडला नाही, असे मला त्यांचा १९८८ चा ‘रिहाई’ पाहून वाटते. हा त्यांनी एकटीने दिग्दर्शित केला. पुरुष कामधंद्यासाठी मुंबईला गेलेले, गावात मागे बायका. हेमामालिनीने रंगवलेल्या टकूला परपुरुषापासून दिवस जातात. चेन्नीपुढे होता तोच प्रसंग. पण टकू विहीर जवळ करीत नाही. ती मूल पाडायलाही नकार देते आणि पंचायतीसमोर उभी राहून बोलते. आठ वर्षांपूर्वी जे बोलायला भूत व्हावे लागले होते, ते येथे जिवंत बाई बोलते. चित्रपटातल्या काही गोष्टींशी मी धर्मगुरू म्हणून सहमत नाही. पण पोटातल्या जिवाला आणि स्वतःच्या जिवाला एकाच वेळी जपणाऱ्या त्या बाईपुढे माझी असहमती गप्प बसते.

मराठीत या धाग्याला पुढे नेणारा चित्रपट म्हणजे २०१७ सालचा ‘लपाछपी’. दिग्दर्शक विशाल फुरिया, म्हणजे पुरुष. परंतु तो तोलला आहे तो पूजा सावंत आणि उषा नाईक या दोन अभिनेत्रींनी. सावकारांच्या तगाद्यातून पळालेले जोडपे उसाच्या फडात लपलेल्या एका घरात आसरा घेते. नवरा-बायकोपैकी ती गरोदर. घरातली तुळसाबाई तिची सारी काळजी घेते, आणि तीच काळजी हळूहळू फास होत जाते. येथल्या भुतांनी मारलेल्यांच्या नव्हे, जन्मूच न दिलेल्या मुलींच्या बाजूने साक्ष द्यायची आहे. गर्भलिंगचाचणीवर निर्बंध आणणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. तरीही सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. उषाबाईंची तुळसा म्हणूनच कुणी परकी राक्षसीण वाटत नाही. ती कुठल्याही घरातली, लेकी-सुनांचे डोहाळे पुरवणारी, देवभोळी बाई आहे. भूमिका इतक्या घरगुती मार्दवाने केलेली, की प्रेक्षकाला पळायचे असते ते फडातल्या सावल्यांपासून नव्हे, तिच्या मायेपासून.

गेल्या काही वर्षांत स्त्रिया या प्रांतात अधिक मोकळेपणाने वावरू लागल्या आहेत. ‘तुंबाड’ (२०१८) या कोकणातल्या लोभाच्या कथेचे संकलन संयुक्ता काझा यांनी केले. अन्विता दत्त यांच्या ‘बुलबुल’मध्ये (२०२०) बंगालमधल्या एका हवेलीतल्या सुनेचे पाय नवरा मारहाण करून मोडतो. चेटकिणीचे उलटे पाय आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते मुळात कुणी उलटे केले, हे विचारायला एक लेखिका-दिग्दर्शिका यावी लागली.

आणि नागपूरच्या आरती कडव. त्यांच्या ‘कार्गो’ (२०१९) या चित्रपटाला भयपट म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्यातले राक्षस कुणालाच घाबरवत नाहीत. ते सरकारी नोकरीत आहेत! प्रहस्थ नावाचा राक्षस पुष्पक नावाच्या अंतराळयानात वर्षानुवर्षे एकटा ड्यूटी करतो. पृथ्वीवर नुकतीच मेलेली माणसे रोज तेथे येतात, त्यांच्या जवळच्या वस्तू काढून घेतल्या जातात, जखमा बऱ्या केल्या जातात, आठवणी पुसल्या जातात आणि त्यांना पुढच्या जन्मासाठी रवाना केले जाते. मग एके दिवशी त्याच्या मदतीला युविष्का ही तरुण राक्षसी येते, नव्या नोकरीतल्या कुणाही मुलीसारखी उत्साहाने भरलेली. मोजक्या साधनांत उभारलेल्या या चित्रपटात मेलेली माणसे पहिल्याप्रथम काय करतात, तर बहुतेक जण खिशातला मोबाईल काढून घरी फोन लागतो का ते पाहतात. पुसल्या जाण्याआधी त्यांना एक निरोप द्यायचा असतो.