नाव 'जीआयएफ', आत पीडीएफ : फाईल ओळखण्याची पन्नास वर्षे

परीक्षेच्या ऑनलाइन अर्जात विद्यार्थी छायाचित्र अपलोड करतो. नावाच्या शेवटी 'जेपीजी' असूनही संकेतस्थळ ते कधी कधी नाकारते, कारण फाईल आतून भलतीच असते. नावावर विसंबू नये, ही सावधगिरी तशी जुनी.

बेल प्रयोगशाळेच्या युनिक्स प्रणालीत 'फाईल' नावाची आज्ञा होती. तिच्या माहितीपृष्ठावर नोव्हेंबर १९७३ ही तारीख आढळते. नाव काहीही असो, फाईलचा मजकूर तपासून ती प्रकार सांगत असे. आरंभीच्या खुणेच्या आकड्यांना 'मॅजिक नंबर' म्हणू लागले. जादू अर्थातच नव्हती. पीडीपी-११ संगणकावरील प्रोग्रामच्या आरंभीचा ०४०७ हा अष्टमान आकडा म्हणजे शीर्षभाग ओलांडून पुढे जाण्याची साधी यंत्र-आज्ञा. तीच ओळखीची खूण ठरली. पुढे अशा खुणा हेतुपुरस्सर घडवल्या गेल्या. झिप फाईलच्या आरंभी फिल कॅट्झ यांची 'पीके' ही आद्याक्षरे आली.

पण खूणही फसवू शकते. २००८ मध्ये 'जीफार' प्रकाशात आली. जीआयएफ चित्र आरंभापासून वाचले जाते, तर झिपच्या धर्तीवरील जार फाईलची सूची शेवटी असते. त्यामुळे एकच फाईल दोन्ही ठरत होती.

२०२१ मधला प्रकार याहून विलक्षण. पेगॅसस हेरप्रणालीने आयफोनवर धाडलेल्या फाईलींचे एक्स्टेन्शन जीआयएफ होते, आत मात्र पीडीएफ. फोनने एक्स्टेन्शनकडे दुर्लक्ष करून मजकुरावरून प्रकार ओळखला. म्हणजे १९७३ चा धडा त्याने तंतोतंत गिरवला, आणि तिथेच घात झाला! जे वाचक-प्रोग्राम संदेशांच्या वाटेवर यायलाच नको होते, तेही त्यामुळे हल्लेखोरांच्या आवाक्यात आले. स्कॅन केलेल्या पानांसाठीच्या 'जेबिग-२' या जुन्या संक्षेपपद्धतीच्या वाचकात पूर्णांक-मर्यादेची चूक होती. तिचा आधार घेऊन हल्लेखोरांनी ७०,००० हून अधिक आज्ञांचा एक छोटा संगणकच फाईलीच्या आत उभा केला. वापरकर्त्याने कशालाही बोट लावण्याची गरज नव्हती.

ॲपलने १३ सप्टेंबरला ती चूक दुरुस्त केली. २६ ऑक्टोबरच्या आवृत्तीत त्या वाटेवर उघडता येणाऱ्या चित्रप्रकारांची यादीही आखूड करण्यात आली. दुसऱ्याच दिवशी, भारतातील पेगॅसस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली.