वर्तुळांचे गतिगट
त्रिमितीय अवकाशातील वर्तुळे न तोडता, एकमेकांना न छेदता फिरवून मूळ स्थितीत आणण्याच्या हालचालींचा गट. एकीमागून दुसरी हालचाल करणे, हा यातील गुणाकार. डेव्हिड डाम (1962) यांच्या प्रबंधातून पुढे आलेला हा सिद्धांत डेबोरा गोल्डस्मिथ यांनी 1981 मध्ये विस्ताराने मांडला.

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एखाद्या घरातील आईची बांगडी आणि बाळाची बांगडी घ्यावी. बाळाची बांगडी आईच्या बांगडीतून ओवून बाहेरून जागेवर आणली, की सारे पूर्ववत दिसते. पण ही फेरी कितीही वेळा केली तरी तिची गणिती नोंद पुसली जात नाही. अवकाशात बिंदू एकमेकांना सहज चुकवतात, वर्तुळांना मात्र आरपार वाट असते; विषयाचे खरे सौंदर्य इथेच आहे. कडीत कडी अडकली, तर ही फेरी अशक्य होते. वळवणे, उलटवणे, अदलाबदल तेवढी उरते.