आभाळाची शीव

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ची पद्धत आणली आणि कोकणातल्या नाखव्याला आपल्याच समुद्रात गलबत हाकण्यासाठी परवाना लागू लागला. गलबत कोणाचे, त्यात माल काय, तोफा किती, जायचे कुठे हे सारे त्या कागदावर लिहिलेले असे. पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी लागे. कागद नसेल तर गलबत आणि माल दोन्ही जप्त होत. आदिलशाहीची जहाजे हा परवाना घेत, हज यात्रेला निघालेली मोगलांची जहाजेही घेत. पुढच्या दोन शतकांत या किनाऱ्यावर सत्तांची दाटी झाली. गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्यात डचांची वखार, वाडीत सावंत, जंजिऱ्यात सिद्दी आणि मुंबईत इंग्रज. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि मराठ्यांचे आरमार इथे कायमचे उभे राहिले. कान्होजी आंग्र्यांनी तर मराठी समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आपले दस्तक घेतलेच पाहिजे, असा आग्रह धरला. आपला परवाना असताना दुसऱ्याचा कशाला, म्हणून इंग्रजांनी तो नाकारला आणि त्यातून वर्षानुवर्षे लढाया झाल्या.

आज याच किनाऱ्यावरून दिवसरात्र विमाने जातात आणि त्यांनाही हद्दी ओलांडाव्या लागतात. पण वैमानिकाला हद्दीवर कोणी अडवत नाही, आणि पलीकडच्याने आपल्याला ओळखले नाही तर काय, ही चिंताही त्याला नसते. हा फरक रडारने किंवा रेडिओने घडवला, असे सहसा मानले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. बदलला तो हद्दीचा अर्थ. समुद्रावरची हद्द मालकीची होती, आभाळातली हद्द जबाबदारीची आहे. आणि जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात देण्याची रीत हाच हवाई वाहतूक नियंत्रणाचा खरा शोध आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की कार्ताझ म्हणजे केवळ खंडणी नव्हती; त्यात संरक्षणही होते. ते खरे आहे. पोर्तुगीज आरमार व्यापारी गलबतांचे काफिले सोबत घेऊन गोव्याहून गुजरातेकडे जात असे. पण ते संरक्षण देणाऱ्याच्या ताकदीपुरते असे. एकाच्या परवान्यावर निघालेले गलबत दुसऱ्याच्या टापूत शिरले की तो कागद निरुपयोगी ठरू शके, कारण तो मान्य करण्याचे बंधन त्या दुसऱ्यावर नव्हते. ‘हे गलबत आता तुमच्याकडे येत आहे, त्याला सांभाळा’ असे गोव्याने विजयदुर्गाला कळवावे, अशी सोयच नव्हती. दोन सत्तांमधल्या भांडणाचे सारे ओझे नाखव्याच्या डोक्यावर पडे.

विमानाच्या बाबतीतही प्रारंभ मालकीनेच झाला. १९१९च्या पॅरिस कराराने प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशाचे पूर्ण स्वामित्व दिले आणि १९४४च्या शिकागो कराराने तेच तत्त्व पुढे नेले. कोकणच्या आभाळात नियमित हवाई सेवा आली ती १९३५ साली, टाटांची विमाने मुंबईहून गोवा, कण्णूरमार्गे त्रिवेंद्रमला जाऊ लागली तेव्हा. त्या काळी तेरेखोलच्या खाडीपाशी ब्रिटिश हिंदुस्थानच्या छायेतला मुलूख संपून पोर्तुगीज मुलूख सुरू होई, आणि जमिनीवरची तीच रेघ आभाळातही जाई. स्वातंत्र्यानंतर भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा पोर्तुगीजांनी दाभोळीला धावपट्टी बांधली आणि १९५५ मध्ये स्वतःची विमान कंपनी काढून दमण, दीव, कराचीशी संबंध राखला. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने त्या धावपट्टीवर बाँबफेक केली आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. पुढे दाभोळी नौदलाच्या ताब्यात आली. ती आजही नौदलाचाच तळ आहे.

मला सर्वांत बोलका वाटतो तो यानंतरचा भाग. सत्तेची रेघ १९६१ मध्ये पुसली गेली, तरी कामाची हद्द राहिली. मुंबईहून गोव्याला निघालेले विमान आधी मुंबईच्या नागरी नियंत्रकांकडे असते आणि दाभोळीला उतरण्यासाठी नौदलाच्या नियंत्रकांकडे जाते. दोन्ही बाजू एकाच देशाच्या, तरी हद्द आहे. कारण एक माणूस एका वेळी ठरावीकच विमाने नजरेत आणि डोक्यात ठेवू शकतो. उलट मालवणपासून १२ सागरी मैलांपलीकडच्या आकाशावर कोणत्याच देशाची मालकी नाही, तरी तिथल्या विमानांची काळजी मुंबईने घ्यायची, हे आंतरराष्ट्रीय संमतीने ठरलेले आहे. पोर्तुगीजांनी ज्या पाण्यावर जबाबदारीविना मालकी सांगितली, त्याच पाण्यावरच्या आभाळात आज मालकीविना जबाबदारी पाळली जाते.

ही जबाबदारी हस्तांतरित कशी होते? नियम दोनच, पण कडक. नियंत्रणाखालचे विमान कोणत्याही क्षणी एकाच केंद्राच्या ताब्यात असले पाहिजे. आणि घेणाऱ्याची संमती मिळाल्याशिवाय देणाऱ्याचे हात मोकळे होत नाहीत. विमान हद्दीवर पोचण्याच्या बरेच आधी पहिला नियंत्रक पुढच्याला कळवतो, की हे विमान अमुक बिंदूवर, अमुक वाजता, अमुक उंचीवर येईल. वेळ किंवा उंची बदलली तर पुन्हा कळवायचे. पुढच्याला ती उंची अडचणीची असेल तर तो तसे सांगतो, आणि विमान आधीच वर किंवा खाली घेतले जाते. रोजच्या व्यवहारात प्रत्येक वेळी एवढे बोलणे नको, म्हणून शेजारची केंद्रे आपसात लेखी करार करून ठेवतात: कोणत्या मार्गाने, कोणत्या उंचीवर, किती अंतर राखून विमाने द्यायची. पहिल्याने रेडिओवर निरोप देऊन नवी फ्रिक्वेन्सी सांगायची आणि वैमानिकाने पुढच्याला हाक द्यायची, एवढेच प्रवाशांच्या विमानात घडते. हद्दीचे ओझे वैमानिकाच्या डोक्यावरून उतरून दोन नियंत्रकांनी वाटून घेतलेले असते.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. रडार नसते तर यातले काही शक्य झाले असते का? इतिहास सांगतो, की झालेले होते. अमेरिकेत १ डिसेंबर १९३५ रोजी न्यूअर्कला मार्गावरच्या विमानांचे पहिले नियंत्रण केंद्र सुरू झाले. सरकारने नव्हे, विमान कंपन्यांनीच एकत्र येऊन ते काढले होते. तिथे रडार नव्हते, वैमानिकाशी थेट बोलण्याची सोयही नव्हती. होता तो टेबलावर पसरलेला नकाशा, एक फळा आणि टेलिफोन. विमानाचे नाव लिहिलेली छोटी खूण नकाशावर हाताने सरकवत न्यायची; नियंत्रक त्या खुणांना ‘कोळंबीच्या होड्या’ म्हणत. पुढच्याच वर्षी शिकागो आणि क्लीव्हलँडला केंद्रे निघाली आणि नकाशाच्या कडेला पोचलेले विमान टेलिफोनवरून पुढच्या केंद्राला कळवले जाऊ लागले. म्हणजे द्यायची-घ्यायची रीत आधी आली आणि यंत्रे मागाहून.

याची दुसरी, दुःखद बाजू १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगनजवळ दिसली. तिथले आकाश जर्मनीचे होते, नियंत्रण कराराने झ्युरिककडे दिलेले होते. शेजारच्या कार्ल्सरूह केंद्रातल्या नियंत्रकाला सुमारे दोन मिनिटे आधी रडारवर टकरीचा इशारा मिळाला. त्याने झ्युरिकला पुन्हा पुन्हा फोन लावला. पण तिथली टेलिफोन यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद होती. दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि ७१ जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. रडार पाहत होते. तुटला होता तो दोन शेजाऱ्यांमधला दुवा.

इथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो. एकाच केंद्राचा ताबा हा नियमच त्या रात्री घातक ठरला नाही का? धोका दिसणारा शेजारी वैमानिकांशी थेट बोलला असता तर? त्याच अपघातात याचे उत्तर आहे. रशियन विमानातल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेने ‘वर जा’ म्हटले, झ्युरिकच्या नियंत्रकाने ‘खाली या’ म्हटले. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमानही आपल्या यंत्रणेप्रमाणे खालीच येत होते. दोन आज्ञांमध्ये सापडलेल्या विमानाला तिसरा आवाज वाचवू शकला असताच, असे म्हणता येत नाही. म्हणूनच पुढे नियम स्पष्ट झाला: यंत्रणेची आज्ञा आणि नियंत्रकाची आज्ञा यांत विरोध आला तर वैमानिकाने यंत्रणेचेच ऐकायचे. त्या क्षणापुरताही अधिकार एकाकडेच ठेवला गेला.

शेवटचा आक्षेप आपल्या भागाचा. परुळे-चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, पण तिथे मोजकीच विमाने उतरतात. मग हद्दीची एवढी चिंता कशाला? कारण चिपीवरचे आकाश केवळ चिपीचे नाही. जानेवारी २०२३ पासून पेडण्यातले मोपा सुरू झाले. चिपी, मोपा आणि दाभोळी हे तीन विमानतळ सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या आत आहेत. प्रवासी विमानाला हे अंतर दहा-बारा मिनिटांचे. त्यांच्या मधोमध राज्याची सीमा आहे, नागरी आणि लष्करी अशा दोन व्यवस्था आहेत, आणि वरून दक्षिणेकडची वाहतूक चालू आहे. शिवाय गर्दी कमी म्हणजे धोका कमी, हे समीकरण युबरलिंगनने खोटे ठरवले आहे. त्या मध्यरात्री झ्युरिकच्या नियंत्रकापुढे थोडीच विमाने होती.

मालवणच्या इतिहासाकडे आपण तटबंदी आणि तोफांचा इतिहास म्हणून पाहतो, आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण प्रत्येकाचा किल्ला भक्कम असतानाही इथला समुद्र तीनशे वर्षे नाखव्याला निर्धास्त करू शकला नाही. शीव कुठे आहे यावर सगळे लढत राहिले. शिवेवर आलेल्याला पलीकडे कोणाच्या हाती द्यायचे, हे कोणी ठरवले नाही. आता ते ठरले आहे आणि ते एका टेलिफोनच्या तारेवर, एका संमतीच्या शब्दावर उभे आहे. नव्या धावपट्ट्यांची उद्घाटने आपण थाटात करतो. तेवढीच आस्था नियंत्रकांची पुरेशी संख्या, त्यांचे प्रशिक्षण, आणि एक तार तुटली तर चालणारी दुसरी तार यांच्याबद्दल असायला हवी.