दोन प्रती मागितल्या, चार आल्या: एका आकड्याचा इतिहास #थ्रेड

१/९
लिनक्सवर दोन प्रतींची आज्ञा द्यावी आणि प्रिंटरमधून चार बाहेर पडाव्यात. तीन मागाव्यात आणि नऊ याव्यात. हा यंत्राचा लहरीपणा नव्हे. येथे आकड्याचा चक्क वर्ग होतो आहे. छापली जाणारी वस्तू प्रश्नपत्रिका वा मृत्युपत्र असेल, तर जास्तीची प्रत ही निव्वळ कागदाची नासाडी राहत नाही. या गोंधळाचे मूळ चाळीस वर्षांच्या इतिहासात आहे.

२/९
१९८० चे दशक. बर्कलीच्या युनिक्समध्ये अनेकांसाठी एकच प्रिंटर असे. 'एलपीआर' ही आज्ञा फाईल रांगेत लावी आणि 'एलपीडी' हा पडद्यामागचा सेवक ती पाळीपाळीने छापी. सोबत एक नियंत्रण-फाईल जाई. तीन प्रती हव्या असल्या, की तिच्यात छपाईची ओळच तीनदा लिहिली जाई. प्रती मोजणे हे प्रिंटरचे काम नव्हतेच.

३/९
१९८४ मध्ये एचपीचा लेझरजेट आणि ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा आली. १९८५ मध्ये ॲपलचा लेझररायटर. 'माझ्या इतक्या प्रती काढ' ही सूचना आता दस्तऐवजाच्या आतच लिहिता येऊ लागली आणि प्रिंटर ती पाळू लागला. आकड्याला दुसरा धनी मिळाला. पहिला मात्र पायउतार झाला नाही.

४/९
१९९७ मध्ये मायकेल स्वीट यांनी 'कप्स' ही छपाईव्यवस्था लिहायला घेतली. १९९९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एलपीडीच्या मर्यादा ओळखून त्यांनी 'आयपीपी' हा नवा शिष्टाचार स्वीकारला. त्यात प्रतींची संख्या हा छपाईच्या कामाचाच एक गुणधर्म ठरला. हा तिसरा धनी.

५/९
कप्समध्ये फाईल अनेक गाळण्यांतून, म्हणजे फिल्टरांतून, पुढे सरकते. प्रत्येक फिल्टरला प्रतींचा आकडा कळवला जातो. पाने पुन्हा पुन्हा पाठवावीत की प्रिंटरलाच सूचना द्यावी, हे एकानेच ठरवावे, अशी त्यामागील अपेक्षा असते.

६/९
ही अपेक्षा भंगली, की गुणाकार सुरू होतो. एखादा प्रोग्राम दस्तऐवजात 'दोन' लिहितो आणि कप्सलाही 'दोन' सांगतो. कप्स पाने दोनदा पाठवते, प्रिंटर प्रत्येक वेळी दोन प्रती काढतो. दोघेही आज्ञाधारक, म्हणूनच प्रती चार.

७/९
म्हणून शोध घेताना साधनचिकित्सेचाच मार्ग धरावा. आधी एक, मग दोन, मग तीन प्रती मागाव्यात. एक, चार, नऊ असा क्रम आला, तर आकडा दोन ठिकाणी लिहिला जात आहे. एक मागूनही दोन येत असतील, तर कुणीतरी पूर्वी केलेली नोंद 'एलपीऑप्शन्स' फाईलमध्ये किंवा प्रिंटरच्या मेनूत टिकून आहे. तेच काम थोड्या थोड्या वेळाने पुन्हा छापले जात असेल, तर पूर्णत्वाची पोच न मिळाल्याने कप्स पुनःप्रयत्न करत असावी.

८/९
मग मधला प्रोग्राम वगळून 'एलपी' आज्ञेने थेट दोन प्रती छापाव्यात. दोनच आल्या, तर संशय त्या प्रोग्रामवर. चार आल्या, तर फिल्टर, ड्रायव्हर किंवा प्रिंटरवर. कप्सच्या नोंदवहीत सविस्तर नोंदी सुरू केल्यास कोणत्या फिल्टरला कोणता आकडा मिळाला, हे वाचता येते.

९/९
२००२ मध्ये ॲपलने मॅकसाठी कप्स स्वीकारली, २००७ मध्ये तिचे हक्कही विकत घेतले. व्यवस्था दूरवर पसरली. ड्रायव्हरविना होणाऱ्या आजच्या छपाईत आकडा बहुधा कामाच्या नोंदीतच राहतो. तरीही जुने प्रोग्राम चालत राहावेत, म्हणून जुने मार्ग बुजवलेले नाहीत. चौथी प्रत त्याच मार्गाने येते.