पुरतं नाव

आमचे आबा सुलतानपूरहून मेहकरच्या तहसिलीत सरकारी कागद पोचवत. महारकीचं काम. कागद फेट्यात खोचलेला, पाय फुफाट्यात. आत काय लिहिलंय, हे कधी विचारलं तर म्हणत, "बैलाला काय ठावं, पोत्यात जवारी हाय का गहू?"

चावडीवर पेपर वाचला जाई, तो ते पायरीखाली उभे राहून ऐकत. लढाई असे, कापसाचा भाव असे. आपण कुठंच नसू. याचं एक कारण मला फार पुढे पुस्तकांतून कळलं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांचं 'मूकनायक' निघालं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नव्हती. पुढं १९२७ साली 'बहिष्कृत भारत', १९३० साली 'जनता'. आबांपर्यंत आला तो 'जनता', तोही मेहकरच्या बाजारातून, दोन-तीन आठवडे शिळा.

वाचायला माझे वडील, तेव्हा चौथीत. मधोमध चिमणी, भोवती माणसं, बाया उंबऱ्याशी. वडील भरभर वाचू लागले की आजी म्हणे, "हळू वाच बापू. आपलंच हाय ते." कुठल्या तरी लांबच्या खेड्यात पाणवठा बंद केल्याची बातमी दोनदा वाचायला लावत. ज्या गावाचं नाव कधी ऐकलं नव्हतं, तिथली माणसं सोयऱ्यांसारखी वाटू लागली. वर्तमानपत्राचा खप मोजणाऱ्यांच्या हिशेबात आमची चिमणी कधी आली नसेल. तिथं एका अंकाला पंचवीस-तीस कान असत.

फेब्रुवारी १९५६ मध्ये 'जनता'चं 'प्रबुद्ध भारत' झालं. त्याच उन्हाळ्यात वस्तीनं ठरवलं, मेलेलं ढोर ओढायचं नाही. आबांनी वडिलांना शाळेच्या वहीचं पान फाडायला लावलं आणि संपादकाला पत्र सांगितलं. पत्र चार ओळींचं. वेळ गेला तो सहीपाशी. गाव त्यांना तोडक्या नावानं, 'अरे' लावून हाक मारी. वडिलांनी सवयीनं तेच लिहिलं. आबांनी ते खोडायला लावलं. "पुरतं लिव्ह. माह्या बापाचंबी लिव्ह." बापाचं खरं नाव काय, हे आठवायला शेजारच्या म्हातारीला उठवावं लागलं.

पत्र छापून आलं का, वडिलांना सांगता येत नसे. ऑक्टोबरात सगळी नागपूरला दीक्षेला गेली, घरातली कितीतरी कागदपत्रं इकडची तिकडं झाली. एवढं मात्र त्यांना पक्कं आठवे: त्यानंतर अंक आला की आबा बातम्या थांबवत आणि आधी शेवटच्या पानापासून नावं वाचायला लावत.